जावयाच्या पैशाचा घास

आमच्याकडे लेकीच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. तिला लेकरू होईपर्यंत तरी नाहीच. कन्यादान केलं, मग दिल्या घरचं खायचं कसं, असं आबांचं म्हणणं. आबा म्हणजे माझे वडील. रावेरकडचे केळीवाले शेतकरी, शब्दाचे पक्के आणि हट्टाचे त्याहून पक्के. अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न धुळ्याला झालं. त्यानंतर तीन वर्षांत आबा दोनदा तिकडे गेले, आणि दोन्ही वेळा ओट्यावर बसून, पिशवीत नेलेलं पाणी पिऊन एसटीने परत आले. घरात आत काय चाललंय हे आमच्यापैकी कोणी पाहिलंच नाही. मेली ती रीत! ज्याने काढली त्याला लेक नसणार.

दोन दिवाळ्या झाल्या, तिला माहेरी पाठवलं नव्हतं. मग गावातलाच एक जण धुळ्याच्या बाजारात तिला पाहून आला आणि आईला म्हणाला, "पोरगी निम्मी झाली हो तुमची." आईने त्या दिवसापासून अंथरूण धरायचंच बाकी ठेवलं होतं. अशात शेजाऱ्यांच्या फोनवर जावयाचा निरोप आला. तो कामासाठी जळगावला येणार होता, अक्काला घेऊन. नवीन इटालियन हॉटेल उघडलंय, पिझ्झा मिळतो, आबांना घेऊन या. माझ्या घरी जेवत नाहीत ना, मग हॉटेलात जेवू घालतो.

निघताना आईने आम्हा दोघांना दारात थांबवलं. "नीट पाहा तिला. बरी दिसली नाही तर घेऊनच या. मग लोकांना काय बोंबलायचं ते बोंबलू दे." आबांनी मान हलवली. म्हणजे आम्ही कुठे पिझ्झा खायला चाललो होतो! आम्ही अक्काला आणायला चाललो होतो.

हॉटेलवर पाटी इटालियन आणि खाली मोठ्या अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी'. आत गारेगार एसी, टेबलांवर लाल-पांढऱ्या चौकड्यांची कापडं. नव्वद साल उलटून गेलं होतं तरी जळगावात असलं काही आम्ही पाहिलं नव्हतं. आबा धोतर सावरत खुर्चीच्या टोकावर बसले. अक्का समोर. मला आधी तिचे हातच दिसले. लग्नात मनगटात घट्ट बसलेल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. गालांची हाडं वर आली होती. मी बघतेय हे बघून तिने पदर ओढून घेतला आणि घरचं विचारलं. रविवारी मला बघायला पाहुणे येणारेत, एवढं आबांनी सांगितलं.

जावई मात्र रंगात आला होता. इटलीत लोक हे रोज भाकरीसारखं खातात, असं मला समजावत होता, जसा काही तिथेच जन्मलाय. पिझ्झा आला. आबांनी हात मांडीवरून उचलले नाहीत.

"आबा, हाई काय मन्हं घर शे का? हॉटेल शे!" हे काय माझं घर आहे का, असं आपल्या अहिराणीत म्हणून जावई हसला.

"पैसे तर तुमचेच ना, पाव्हणे," आबा म्हणाले.

तेवढ्या वेळात अक्काने सुरुवात केली होती. वाफा निघत होत्या, चीजच्या तारा हनुवटीला चिकटत होत्या, तिचं तोंड भाजत होतं, आणि ती फुंकरसुद्धा न मारता खात होती. ही आमची अक्का, जी लहानपणी भाकरीचे काठ काढून म्हशीला टाकायची! नवऱ्याने ताटात सोडलेल्या कडाही तिने उचलल्या.

"हळू खा की," जावई म्हणाला. "लोकांना वाटेल उपाशी ठेवतो तुला."

तो हात धुवायला उठला आणि गल्ल्यापाशी कोणीतरी ओळखीचं भेटलं म्हणून तिथेच बोलत उभा राहिला. मी अक्काचा हात धरला. "खायला देतात का तुला?"

"देतात ना. सगळ्यांचं झालं की." मग खाली बघून म्हणाली, "उरलं तर."

आबा अर्धवट उठले. "चल. आत्ताच्या आत्ता. स्टँडवर गाडी असेल."

अक्का हलली नाही. "आणि रविवारी हिला बघायला येणारेत त्यांचं काय? मोठी परत आली म्हटल्यावर ते आपली पायरी तरी चढतील का?"

"नका चढू म्हणावं! मला नाही करायचं लग्न," मी ओरडले. बाजूच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

"तू गप बस," ती म्हणाली आणि आबांकडे बघत राहिली. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. 'ऊठ' एवढं म्हणाले असते तर ती उठली असती, हे मी आजही शपथेवर सांगते. ते बसले. टेबलावरचं कापड हाताने सारखं करत बसले.

जावई रुमालाला हात पुसत आला. तेव्हा आबांनी ताटातला एक तुकडा उचलला, गार होऊन वातड झालेला, आणि तोंडात घातला.

"आबा!" अक्का म्हणाली.

त्यांना चावता येईना, गिळता येईना. कसाबसा गिळला आणि हात जोडले. "पाव्हणे, तुमचं अन्न खाल्लं मी आज. माझ्या पोरीला पोटभर जेवू घाला."

जावयाचा चेहरा उतरला. "काय हे आबा, लोक बघताहेत," एवढंच तो बोलला. मग तिला स्कूटरवर बसवून घेऊन गेला.

रविवारी माझं जमलं. वैशाखात लग्न झालं. हळद उतरते न उतरते तोच आबा आणि आई जीप करून धुळ्याला गेले. अक्काने दारातच सांगितलं, "आता कशी येऊ आबा? दिवस गेलेत मला." पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत तिच्या सासरच्यांनीही पाळली. सातव्या महिन्यात पाठवलं. आईने तूप, खारीक, डिंक, जे म्हणून अंगाला लागतं ते सगळं केलं, स्वतःच्या हाताने भरवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात रक्तच नाही, आणि हे आजचं नाही. अक्का बाळंतपणातच गेली. लेकरूही राहिलं नाही.

मी सासरहून पोचले तेव्हा आबा स्मशानातून येऊन अंगणात ओल्या धोतराने बसले होते. मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तुला मिळतं ना गं पोटभर?"

मिळत होतं. मी हो म्हटलं, आणि मला त्यांच्यासमोर उभंसुद्धा राहवेना.