उन्हाळ्यातली एक संध्याकाळ आणि गफूरभाई

फोन शबानाचा होता. गफूरभाईंची ही धाकटी मुलगी. मला ती कधी फोन करत नाही, त्यामुळे नाव दिसलं तेव्हाच समजलो. "काका, अब्बा गेले. सकाळी. असरच्या नमाजीनंतर, पाचच्या सुमाराला नेनार हायेत," एवढंच बोलली आणि फोन ठेवला. मी नांदेडहून मिळेल ती गाडी पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर... चाकूर माझं गाव, पण त्या दिवशी खिडकीतून गावाकडे बघितलंसुद्धा नाही. लातूरला पोचलो तर माणसं कब्रस्तानातून परत येत होती. एक ओळखीचा तबलेवाला माझा हात धरून म्हणाला, "मास्तर, जरासाच उशीर झाला तुमाला." त्याला काय माहीत, गफूरभाईंच्या बाबतीत मला उशीर झाला तो त्या दिवशी नव्हे, चाळीस वर्षांपूर्वी.

लातुरात त्यांना ओळखत नाही असा जुना माणूस सापडणं अवघड. लग्नाच्या वरातीत पुढे चालणारा, लाल कोटातला, गाल फुगवून क्लॅरनेट वाजवणारा उंच माणूस. त्यांच्या आजोबांपासून घरात बँड होता. मी तेव्हा लातूरच्या एका शाळेत मराठी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात नाटकं बसवायचो. शाळेच्या संमेलनाला ते वाजवायला आले. पोरांच्या गोंधळात पडद्यामागं बसून स्वतःशीच काहीतरी वाजवत होते, कुठल्या सिनेमातलं नव्हे, आपलंच. मी विचारलं, "हे कुठलं?" तर लाजले. "कुठलं न्हाई मास्तर. असंच. तोंडात आलं." त्या "असंच"वर आमची दोस्ती झाली. माझी बायको त्यांना भाऊ म्हणायची, त्यांच्या जुबेदाभाभी मला भाईसाब म्हणायच्या, आणि आम्ही दोघं मात्र जन्मभर एकमेकांना अहोजाहो करत राहिलो.

लातूर उस्मानाबादेतून फुटून नुकताच नवा जिल्हा झाला होता. भाड्याच्या इमारतींवर कचेऱ्यांच्या ओल्या रंगाच्या पाट्या लागत होत्या. रंग होता, पाणी मात्र नव्हतं. मांजरा नदी कोरडी पडलेली, विहिरींच्या तळाला चिखलही उरला नव्हता. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, केली ती पन्नास माणसांत, बँडाशिवाय. गफूरभाईंचा लाल कोट खुंटीवर गेला. त्याच उन्हाळ्यात महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम ठरला आणि एका अधिकाऱ्यानं मला नाटुकलं बसवायला सांगितलं. मी मूकनाट्य लिहिलं. एक वस्ती, उन्हाळ्यातली संध्याकाळ, टँकरची वाट पाहणारी माणसं. आमच्या चाकूरच्या बुद्धवाड्याला पाणी नेहमी सगळ्यांच्या शेवटी मिळायचं, त्यामुळे वाट पाहणं मला कुणाकडून शिकावं लागलं नव्हतं. पण बोलणं नाही तर संगीत हवं. मी गफूरभाईंकडे गेलो. ते म्हणाले, "कुनीच बोलनार न्हाई? मग सगळं मलाच बोलावं लागंल की."

पंधरा दिवस आम्ही रोज संध्याकाळी फिरलो. ऊन कलायला लागलं की ते सायकल घेऊन दारात हजर. गल्ल्यांतून, टँकर थांबायच्या चौकातून, कधी पार गावाबाहेरच्या खदानीपर्यंत. वाद्य सोबत नसायचं. ते नुसते थांबायचे आणि ऐकायचे. रिकामी घागर दगडावर ठेवली की कशी वाजते, कुणी दुसऱ्याची घागर मागं सरकवली की काय आवाज होतो, भाकरी थापताना बाई मध्येच का थांबते. मला म्हणायचे, "मास्तर, ऐकून राहिलाव का? आता वारं पडलं. आता सगळी एकदम गप बसतील बघा." आणि खरंच चौक गप व्हायचा. स्वरलिपी त्यांना येत नव्हती. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर ते पेन्सिलीनं रेघा, टिंबं, छोटे डोंगर काढायचे आणि त्यावरून वाजवायचे. तीन भाग ठरले. ऊन उतरतं तो पहिला. रांग लागते तो दुसरा. पाणी येतं तो तिसरा. पहिले दोन असे उतरले की तालमीला ढोलकी वाजवणारे आमचे कदमकाका वाजवायचं विसरून ऐकत बसले. तिसरा मात्र जमेना. "खुशीचं वाजवायला लई अवघड हाय," ते म्हणायचे. "वरातीतली खुशी येगळी. ही तहानेची खुशी हाय."

कार्यक्रमाला चार दिवस उरले. मी घाबरलो आणि सकाळी एकाच्या हाती निरोप धाडला: दुपारी शाळेच्या हॉलमध्ये या, आज तिसरा भाग झालाच पाहिजे.

ते आले. चेहरा ओढलेला दिसला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नसीमला दोन उलट्या झाल्या. पडलीय जरा." नसीम त्यांची थोरली, चार वर्षांची. शबानाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. गावात टँकरच्या पाण्यानं हगवण-उलट्यांची साथ आहे हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. मी म्हणायला हवं होतं की परत जा. मी म्हणालो, "तासाभरात उरकू." आणि त्या दुपारी त्यांना तो सूर सापडला. एकदा, दोनदा, पुन्हा... दर वेळी आधीपेक्षा सुंदर. हॉलमध्ये आम्ही वेड्यासारखे हसत होतो. कदमकाकांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीच म्हणत होतो, आणखी एकदा, आणखी एकदा. बाहेर उन्हं उतरली ते आम्हाला कळलं नाही. ज्या संध्याकाळचं आम्ही संगीत करत होतो ती संध्याकाळ दाराशी येऊन थांबली होती, आणि आमच्यातल्या एकानंही बाहेर बघितलं नाही.

भाभींनी शेजारणीला घेऊन, सायकलरिक्षातून पोरीला दवाखान्यात नेलं होतं. गफूरभाई घरी गेले, कुलूप बघितलं, तिथून पळत दवाखान्यात. दिवे लागले होते. नसीम त्याच्या थोडी आधी गेली होती.

मी कार्यक्रम रद्द करायचा म्हणालो. अधिकारी म्हणाले, पत्रिका वाटल्या आहेत, संगीताऐवजी एखादी रेकॉर्ड लावा. ठरल्या दिवशी पडदा उघडायच्या वेळेला गफूरभाई स्वतः येऊन विंगेत बसले. दाढी वाढलेली, डोळे लाल. पहिला भाग वाजवला, दुसरा वाजवला. रांग लागली, रंगमंचावर सगळे घागरी घेऊन उभे राहिले. आता पाणी यायचं. त्यांनी क्लॅरनेट ओठांशी नेलं, तसंच धरलं... आणि खाली मांडीवर ठेवलं. एक सूर निघाला नाही. नट बिचारे तसेच उभे. मीच शेवटी पडदा पाडायला सांगितला. आणि मग टाळ्या! लोक उठून उभे राहिले. अधिकाऱ्यांनी माझ्या गळ्यात हार घातला, म्हणाले, "पाणी येतच नाही, हा शेवट फार धाडसी केलात गुरुजी." मी तो हार घालून घेतला. तो शेवट माझा नाही, एका बापाला वाजवता आलं नाही, हे मी म्हणालो नाही. विंगेत वळून बघितलं तर ते निघून गेले होते.

पुढे माझी बदली भोकरला झाली, मग धर्माबाद, मग नांदेडलाच घर केलं. पाऊसपाणी सुधारलं, लग्नं सुरू झाली, गफूरभाईंनी पुन्हा कोट अंगात घातला. शबाना झाली. मी लातूरला गेलो की भेटायचो, चहा व्हायचा, जेवण व्हायचं. नसीमचं नाव निघायचं नाही, त्या संगीताचंही नाही. दोन्ही मी टाळायचो. ते टाळत होते की माझी वाट बघत होते, कुणास ठाऊक.

गेल्या होळीनंतर त्यांची तब्येत ढासळल्याचं कळलं तेव्हा गेलो. खाटेवर उशाला टेकून बसले होते. मला राहवलं नाही. म्हणालो, "गफूरभाई, त्या दिवशी मी निरोप पाठवायला नको होता. मला माफ करा." ते उशीवरून जरा पुढं सरकले. मग म्हणाले, "मास्तर, तुमी चाळीस वर्सं हे घिऊन फिरून राहिलाव?" थांबले. दम लागत होता. "तुमचा निरोप आला नसता तरी मी आलोच असतो. सकाळी तिच्या उशाशी बसलो होतो, हात तिच्या कपाळावर, आन डोक्यात तेच वाजत होतं. जुबेदा म्हनली, आज जाऊ नका. मी म्हनलं, दिवे लागायच्या आत येतो." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "हे कुनालाच सांगितलं न्हाई मी. तुमाला पन न्हाई." मी त्यांचा हात हातात घेतला. ती आमची शेवटची भेट.

चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला मी पुन्हा लातूरला गेलो. जेवणं झाली, माणसं पांगली. जुबेदाभाभींनी मला मागच्या खोलीत बोलावलं. लहान खोली, पश्चिमेला एक खिडकी. तिथल्या खुर्चीवर क्लॅरनेट ठेवलेलं. भाभी म्हणाल्या, "भाईसाब, तुमाला एक सांगायचं हाय. दर उन्हाळ्यात, तिच्या दिवसाला, हे इथं बसायचे. दार लावून. वाजवायचे न्हाई हां. ओठाला लावायचे, पन फुंकायचे न्हाई. नुसती बोटं. मी दाराबाहेर बसायची. क्लॅरनेटच्या चाव्यांची टिकटिक तेवढी ऐकू यायची. बाकी काई न्हाई." त्यांनी क्लॅरनेटवरून हात फिरवला. "दार कधीतरी फटीएवढं उघडं राहायचं. बगून बगून बोटं पाठ झाली मला. पन गानं कसं हाय ते मला कधी कळलंच न्हाई. तुमी त्या दिवशी ऐकलं व्हतं ना? जरा म्हनून दाखवा."

कदमकाका कधीच गेले. तो सूर ऐकलेला मी एकटाच उरलो होतो. मी डोळे मिटले. हॉल आठवला, उकाडा आठवला, आमचं हसणं आठवलं, "आणखी एकदा" म्हणणारा माझा आवाज आठवला... सूर आठवला नाही. पहिली जागासुद्धा नाही. मी मान हलवली. भाभींना कळलं.

"असू द्या," त्या म्हणाल्या आणि खाली सतरंजीवर बसल्या. खिडकीतून ऊन उतरून त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. त्यांनी पदर सावरला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि भाकरी थापून जाड झालेली ती बोटं एकामागून एक हलायला लागली. उचलायची, टेकायची, मध्ये एका जागी थांबायची, जिथं ते श्वास घेत असतील तिथं, आणि पुन्हा सुरू व्हायची. मी समोर बसून बघत राहिलो. शेवटपर्यंत.