बिबट्या डिझाइनची चादर

हसा, खुशाल हसा, फक्त चहाचा घोट आधी गिळा. मागच्या वेळी माझ्या मित्रानं, अप्पाशानं हा किस्सा सांगितला तेव्हा एका पाहुण्याच्या नाकातनं चहा आला होता. तेव्हापासून ठरवलंय, माझी फजिती मीच सांगायची. निदान माझी बाजू तरी लोकांना कळेल. आता बाजू अशी काहीच नाही म्हणा, पण ऐका.

सात रस्त्याजवळ माझं चादरींचं दुकान. सोलापूरचा माणूस चंद्रावर निघाला तरी त्याच्या बॅगेत एक चादर असणारच! आम्ही तिघं मित्र केनियाला जंगल बघायला निघालो, तेव्हा बायकोनं दुकानातली न खपलेली चादर काढून दिली. म्हणाली, "आफ्रिकेत हरवली तरी दुःख नाही."

ती चादर म्हणजे माझ्याच डोक्यातनं निघालेलं खूळ. पिवळी जमीन, वर काळे ठिपके. बिबट्या डिझाइन! विणकराला चारदा परत पाठवून ठिपके हुबेहूब करून घेतले होते. इतके हुबेहूब, की गिऱ्हाईकं हात लावायला तयार नाहीत. "पोरं दचकतील हो," म्हणायची आणि मोराची चादर घेऊन जायची.

बरोबरच्या दोघांतला अप्पाशा टेंभुर्णीचा. ट्रकचा धंदा आणि आवाजही ट्रकच्याच हॉर्नचा. दुसरा मल्लिनाथ, आमचा मल्लू. मैंदर्गीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. दरवर्षी शाळेच्या भिंतीवर बिबट्या रंगवायचा, पण जन्मात एकही बघितलेला नव्हता. गेल्या वर्षी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलला असेल? "शिवा, बिबट्या राहिला की रे बघायचा!"

माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. त्याच्यासाठीच तर ही सगळी यातायात! नाहीतर मी कशाला जातोय? मी गल्लीतल्या कुत्र्याला बघून रस्ता बदलणारा माणूस.

पाच दिवस झाले. सिंह झाले, हत्ती झाले, जिराफ तर कंटाळा येईस्तोवर झाले. बिबट्याचा पत्ता नाही. आमचा ड्रायव्हर डॅनियल रोज म्हणायचा, "बिबट्या लाजरा असतो, उद्या दिसेल." शेवटी उद्याही संपत आला. एकच सकाळ उरली. मल्लू ताटातलं अर्धं तसंच ठेवायचा.

त्याच संध्याकाळी माझ्या हातनं चादरीवर चहा सांडला. आता डाग पडलेली चादर दुकानदाराला बघवते का? धुतली. आणि वाळत कुठं घालायची? तंबूबाहेर काही ठेवू नका, असं कॅम्पवाल्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण कुंपणाला लागून एक झकास झुडूप होतं. दिली पसरून. जन्माची सवय, हिरवं झुडूप दिसलं की हात शिवशिवतात! मग अंधार पडला, बाहेर जायची बंदी झाली आणि चादर तिथंच राहिली.

पहाटे उठायला मला उशीर. धावतपळत जीपपाशी आलो, तर दोघं आधीच बसलेले. मल्लू म्हणाला, "बस गुमान. तुझ्या कमरेची सोय केलीय." जीपच्या धक्क्यांनी माझी कंबर पार कामातून गेली होती. अंधारात चाचपडत बसलो. खरंच, सीट मऊ लागली. म्हटलं, डॅनियलनं गादी टाकली असेल, भला माणूस.

पुढं एक सिंह आडवा आला. जीपच्या इतक्या जवळनं गेला, की मी श्वास घ्यायचा थांबलो. आणि त्याच वेळी माझ्या ध्यानात आलं, की बुडाखाली ओलसर लागतंय. आता तुम्हीच सांगा, साठीच्या माणसानं अशा वेळी काय समजायचं? मी समजलो. लाजेनं मेलो. तसाच बसून राहिलो.

नऊच्या सुमाराला परत फिरलो. बिबट्या नाहीच. मल्लूनं दुर्बीण पिशवीत घातली आणि खिडकीकडं तोंड केलं. कॅम्प नजरेच्या टप्प्यात आला आणि तेवढ्यात डॅनियलचा वायरलेस खरखरला. तो एकदम ताठ झाला. "बिबट्या! कॅम्पच्या कुंपणाजवळ! झुडपात!"

अप्पाशा ओरडला, मल्लूनं छातीवर हात ठेवला. आणि मी मनात म्हटलं, कुंपण? झुडूप?

अहो, माझी चादर!

जीप थांबली. समोर ते झुडूप आणि पानांच्या फटीतनं दिसणारं पिवळं कापड, त्यावर काळे ठिपके. एक टोक खाली लोंबकळत होतं, वाऱ्यानं हलत होतं. माझ्या मनात शंकाच उरली नाही. स्वतःचा माल दुकानदार ओळखणार नाही?

"दिसला!" मल्लू पुटपुटला. त्याच्या डोळ्यातनं घळाघळा पाणी वाहायला लागलं. "शिवा, बघ की रे! झोपलाय बघ कसा निवांत!"

निवांत नाही तर काय, चादर धावणार आहे? मी म्हणालो, "मल्लू, मला काय तर सांगायचंय."

"सुम्मनिरो!" मल्लूचं ऊर भरून आलं की तो कन्नडवर जातो. गप बस, एवढाच त्याचा अर्थ.

गप बसलो. सांगू कसं? त्याच्या वरच्या खिशातली गोळ्यांची डबी मला दिसत होती. "मल्लू, ती माझी चादर आहे," एवढं म्हणायचा अवकाश आणि इथंच छातीत कळ आली तर? आणि नाही सांगितलं, अन् दुसऱ्यानं कुणी ओळखली तर? सगळ्यांसमोर बिचाऱ्याचा पोपट!

तोवर दुसरी जीप आली. तिसरी आली. बघता बघता आठ गाड्या! खरं सांगतो, दुकानात सेल लावला तरी माझ्या चादरीभोवती एवढी गर्दी कधी झाली नव्हती. हातभर लांबीचे कॅमेरे खटाखट वाजत होते. शेजारच्या जीपमधली एक गोरी म्हातारी डोळे पुसत होती. एवढ्या धास्तीतही एक विचार मनात आलाच, की धुऊनसुद्धा रंग कसा टिकलाय बघा!

"घे, बघ," मल्लूनं दुर्बीण पुढं केली.

"नको."

"अरे, कान हलवलालाय बघ!"

कान? चादरीला? माणूस आशेवर काय काय बघतो! आपलीच चादर दुर्बिणीतनं काय बघायची? मी मान खाली घातली. बुटांच्या नाड्यांकडं बघत बसलो.

अप्पाशा खेकसला, "काय करलालास बे? एवढ्या लांब बूट बघायला आलास व्हय?"

"मला कसंतरी होतंय."

"ऊन लागलं असंल. पाणी पी आणि वर बघ की!"

मी कुठला वर बघतोय! मी डोळे गच्च मिटले आणि सिद्धरामेश्वराला हात जोडले. देवा, एवढ्या गाड्या जाऊ देत. परत गेल्या गेल्या तुझ्या दर्शनाला येईन. कुणाला कळू नको देऊ.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. अर्धा तास सहज झाला असेल. अचानक सगळ्या गाड्यांतनं एकदम "आऽऽ!" असा आवाज उठला. पाठोपाठ अप्पाशा म्हणाला, "गेला!"

वाऱ्यानं उडाली. सुटलो बाबा! मी डोळे उघडले. झुडूप रिकामं, चादर पलीकडं पडली असणार. गाड्या पांगल्या. आमची जीप कॅम्पच्या दारात जाऊन थांबली.

आता हे इथंच संपलं असतं, नाही का? पण मल्लूनं फोन काढला. घरी लावला. "सुशीला, बघितला गं! डोळ्यासमोर! आता मेलो तरी चालंल. उद्या परवा आलो की शाळेतल्या पोरांना गोळा कर, सगळ्यांना सांगणाराय. भिंतीवरचा बिबट्या पुसून परत काढणाराय, सगळा चुकलाय तो!"

झालं! आता हा माणूस माझी चादर शाळेच्या भिंतीवर रंगवणार! पोरं पिढ्यानपिढ्या ती बघत बसणार!

माझा धीर सुटला. मल्लूनं फोन ठेवताच मी त्याचे दोन्ही हात धरले.

"मल्लू, मला माफ कर. तो बिबट्या नव्हता."

"मग काय होतं?"

"माझी चादर. काल तिथं वाळत घातली होती. तुझ्या हृदयाच्या भीतीनं बोललो नाही. पाहिजे तर मार मला, पण शाळेच्या भिंतीवर ती काढू नको!"

बोलता बोलता मी रडलो. खोटं कशाला सांगू? ढसाढसा रडलो. मल्लूचा चेहरा लाल झाला. मी डबीतनं गोळी काढायला हात पुढं केला.

अप्पाशानं माझा हात धरला. "ऊठ."

"काय?"

"ऊठ म्हणलं की जाग्यावरनं!"

मला ओलसरपणा आठवला. "मी न्हाय उठत," मी म्हणालो. "माझी इज्जत जाईल."

"ती गेली कवाच. ऊठ!"

दंडाला धरून त्यानं मला उभा केला. मल्लूनं सीटवरची घडी उचलली, झटकली आणि माझ्यासमोर धरली. पिवळी जमीन, काळे ठिपके. रात्रीच्या दवानं अजून दमट!

मल्लू म्हणाला, "पहाटं पहारेकऱ्याला बरोबर घेऊन मीच काढून आणली. माकडं फाडतील म्हणून. म्हणलं, शिवाच्या कमरेला होईल. सकाळपासनं तू हिच्यावर बसलायस, लेका!"

"म्हणजे मघाचा तो..."

"खरा होता की! कान हलवला, जांभई दिली, उठला, आळस दिला आणि आमच्याकडं बघून गेला. अर्धा तास होता समोर. तू काय बघितलंस?"

मी काय बघितलं? नाड्या. डाव्या बुटाची जरा सैल होती.

मग तिघंही जीपमध्येच बसून हसलो. मल्लू इतका हसला, की शेवटी ती गोळी त्याला द्यावीच लागली.

घरी आलो. बायकोला बातमी आधीच पोचलेली. दारातच विचारलं, "मल्लूभावजींनी बिबट्या बघितला म्हणे. तुम्ही बघितला की न्हाय?"

मी बॅगेतनं चुरगळलेली चादर काढली आणि तिच्या हातात ठेवली.

"बघितला काय विचारतेस? त्याच्यावर बसून आलोय!"