रामटेके साहेबांची प्रत्यक्ष पाहणी

गाड्यांच्या वेडाचं एक बरं असतं. गाडी नसली तरी किस्से साठतातच! आमच्या ग्रुपमध्ये आठ-दहा जण, त्यात स्पोर्ट्स कार फक्त तिघांकडे, पण भांडायला सगळे. दर रविवारी सकाळी सहाला गुरुग्रामच्या एका टपरीवर जमायचं, आल्याचा चहा घ्यायचा आणि पहिल्या नंबरची गाडी कुठली यावर घसा बसेपर्यंत वाद घालायचा. मी गाझियाबादहून येते, म्हणजे पाचला घर सोडते. नवरा म्हणतो, "ऑफिसला गेलीस का कधी एवढी वेळेवर?" त्याला काय कळणार! परवा कुणीतरी म्हणालं, "मंजिरी, तो किस्सा सांग ना," तर मलाच विचारावं लागलं, "कुठला?"

आधी माणसं सांगते. चावलाजी गुरुग्रामचेच, त्यांची पिवळी इटालियन. डॉक्टर देशमुख दातांचे डॉक्टर, मूळचे लातूरचे, त्यांची काळी जर्मन. नितीन पुण्याचा, आयटीत, त्याची लाल जपानी, जुनी पण जिवापाड जपलेली. मी ग्रुपमधली एकटी बाई, माझी सात वर्षांची पांढरी हॅचबॅक. आणि या सगळ्यांच्या वर रामटेके साहेब!

साहेब नागपूरचे, केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर, राहायला दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. येतात स्कूटरवरून. पण स्पोर्ट्स कारबद्दल त्यांना जेवढं माहीत आहे तेवढं मालकांनाही नाही. आमची क्रमवारी तेच ठरवतात, आणि ती ठेवतात चक्क सरकारी फाईलमध्ये! हिरवे नोटिंगचे कागद, कोपऱ्यात दोरी, सगळं बिल्कुल ऑफिससारखं. कुणाला नंबर बदलून हवा असेल तर टिपणी लिहायची, तिघा मालकांच्या सह्या घ्यायच्या आणि मग साहेबांपुढे ठेवायची.

एक नियम मात्र कुठेच लिहिलेला नाही, तरी सगळे पाळतात. दुसऱ्याच्या गाडीची किल्ली कधी मागायची नाही. मालकाने आपणहून दिली तरच घ्यायची.

* * *

एका रविवारी चावलाजी आणि डॉक्टर हमरीतुमरीवर आले. शून्य ते शंभर कुणाची गाडी आधी जाते यावर! साहेबांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "आज घरी पोहे आहेत. दोघंही निघा. जो आधी पोहोचेल त्याचा नंबर वर."

दोघं असे सुटले की टपरीवाल्याची खुर्ची कलंडली. साहेबांची स्कूटर त्या दिवशी गॅरेजला होती, म्हणून ते मेट्रोने आले होते. मी माझी गाडी तिथेच ठेवली आणि त्यांच्याबरोबर मेट्रोत बसले. आम्ही घरी पोहोचून दुसरी प्लेट घेतली तरी यांचा पत्ता नाही! धौला कुआँला कुणा व्हीआयपीसाठी रस्ता अडवला होता. दोघं शेजारी शेजारी उभे, काचा खाली करून भांडत. घामाघूम होऊन आले ते "मैं पहले आया" करतच जिना चढले.

साहेबांनी फाईल उघडून लिहिलं, "प्रथम क्रमांक: मेट्रो."

त्याच दिवशी स्वयंपाकघरात सुनंदाताईंनी, म्हणजे साहेबांच्या मिसेसनी, मला एक गोष्ट सांगितली. "मंजिरी, तुला म्हणून सांगते. तीस वर्षं मी यांच्याकडून या गाड्यांचं ऐकतेय. पण एकदाही चालवली नाही हो यांनी. चालवणं सोड, आत बसलेसुद्धा नाहीत!"

मी चाटच पडले. "अहो, पण चावलाजी तर हसत देतील!"

"ते म्हणतात, परीक्षकाने कुणाच्या गाडीत बसू नये. निष्पक्षता राहत नाही. आणि मागायचं तर नाहीच. पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. क्वार्टर सोडून आम्ही नागपूरला जाणार. रात्री झोपेत गिअर टाकतात, मला कोपर लागतं! एकदा चालवायला मिळावी, एवढंच मनात आहे त्यांच्या. पण तू कुणाला बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे."

आता माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे अख्ख्या गाझियाबादला माहीत आहे. तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत!

* * *

जर्मन एक नंबरवरून दोनवर घसरली तेव्हा डॉक्टरांनी दोन पानी हरकत लिहिली. मुद्दे अ ते ल! साहेबांनी सगळी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग खाली लिहिलं, "पाहिले. फाईल करावे."

डॉक्टर लालबुंद झाले. "साहेब, मी दात उपटतानासुद्धा पेशंटचं ऐकून घेतो!"

"आणि मग?" साहेबांनी विचारलं.

"मग काय, उपटतो."

साहेब म्हणाले, "मग माझं काय चुकलं?"

* * *

साहेबांची आणखी एक थिअरी आहे. तुम्ही गाडी सांगा, मी मालक कसा ते सांगतो! जर्मनवाला गाडीचं मॅन्युअल उशाशी घेऊन झोपतो. जपानीवाला तुम्ही न विचारता बॉनेट उघडून दाखवतो. इटालियनवाला हॉटेलात अशाच जागी बसतो जिथून गाडी दिसते, मग तिथे ऊन असो नाही तर पंखा बंद असो.

चावलाजींना हे फार लागलं. "मैं ऐसा बिल्कुल नहीं हूँ जी!" पुढच्याच रविवारी आम्ही ढाब्यावर गेलो तर हे मुद्दाम गाडीकडे पाठ करून बसले. पराठे आले, लोणी आलं, लस्सी आली, गप्पा रंगल्या. चावलाजींनी एकदाही मान वळवली नाही. मला तर खरंच वाटलं की माणूस सुधारला.

पण हे लस्सी पीत नव्हते. रिकामा, चकचकीत स्टीलचा ग्लास आरशासारखा नाकासमोर धरून बसले होते. कधी थोडा डावीकडे, कधी थोडा उजवीकडे. साहेब वाकले, त्यांच्या खांद्यावरून त्या ग्लासात बघितलं आणि म्हणाले, "चावलाजी, गाड़ी ठीक है. अब लस्सी ले लो."

* * *

नितीनचं तर विचारूच नका. मुलगी बघायला म्हणून फरिदाबादला गेला. मुलीच्या वडिलांनी सहज, अगदी रीतीपुरतं विचारलं, "गाडी तुमचीच का?" झालं! पठ्ठ्याने खाली नेऊन बॉनेट उघडलं. वडील, काका, मामा, वॉचमन, सगळे गोल उभे. सव्वा तास! वर मुलगी नटून बसलेली, कांदेपोहे गार, आणि हा खाली टायमिंग बेल्ट समजावतोय.

संध्याकाळी मध्यस्थांचा निरोप आला. "मुलगा छान आहे. पण मुलीनं अजून पाहिलेला नाही."

* * *

माझा स्वतःचा किस्सा सांगितल्याशिवाय मी राहणार नाही. या तिघांच्या गाड्या जमिनीला इतक्या टेकलेल्या की आपल्याकडचा स्पीड ब्रेकर म्हणजे त्यांना डोंगर! म्हणून कुठे एकत्र जायचं असलं की माझी हॅचबॅक सगळ्यांत पुढे. मी कॉलवर ओरडत जायचं, "मोठा आहे! तिरकी घ्या! खड्डा, डावीकडे खड्डा!" माझ्या मागे काळी, पिवळी, लाल, अशा तीन गाड्या रांगेत, हळूहळू, अगदी आज्ञाधारक.

एका चौकात ट्रॅफिकवाल्याने हे दृश्य पाहिलं. पुढे साधी पांढरी गाडी, मागे असला ताफा! त्याने तडक तिन्ही बाजूंचा ट्रॅफिक थांबवला, टाचा जुळवल्या आणि मला कडक सॅल्यूट ठोकला.

मी काय करणार? मानेनेच स्वीकारला! मागून कॉलवर डॉक्टरांचा आवाज आला, "मंजिरी, चालत राहा. हसू नकोस. हसलीस तर पावती फाडेल."

साहेब त्या दिवशी स्कूटरवरून आमच्या मागे होते. चौक ओलांडल्यावर तिन्ही गाड्या पुढे निघून गेल्या. मी आरशात पाहिलं तर ते स्कूटर बाजूला घेऊन उभे. पिवळी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! रिटायरमेंटला दोन रविवार उरले होते. या तिघांच्या डोक्यात काही येईल तर शपथ! यांना वाटायचं, साहेबांनी सगळ्या गाड्या कधीच्या चालवल्या असणार. इतकं अधिकाराने बोलणाऱ्या माणसाला किल्ली द्यायची म्हणजे त्यांचा अपमान!

* * *

आणि आता तो किस्सा.

शेवटचा रविवार. केक आणला होता, हार आणला होता. सुनंदाताईंची शपथ होती, कुणाला बोलायचं नाही. पण लिहायचं नाही असं कुठे म्हणाल्या होत्या? मी आदल्या दिवशीच साहेबांकडून फाईल मागून घेतली होती आणि हिरव्या कागदावर टिपणी लिहिली होती:

"परीक्षक लवकरच दिल्ली सोडत आहेत. क्रमवारी अंतिम करण्यापूर्वी त्यांनी किमान एका गाडीची प्रत्यक्ष पाहणी करणे आवश्यक आहे. पाहणी म्हणजे चालवून. आजवर अशी पाहणी झाल्याची नोंद फाईलमध्ये आढळत नाही. मान्यतेसाठी सादर."

सकाळी सहाला मी आधी तिघा मालकांना गाठलं. नितीनने वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे साहेबांनी कधीच...?" मी काही बोलले नाही. शपथ होती ना! डॉक्टरांनी एकही हरकत न घेता सही केली. चावलाजींना मी हिंदीत वाचून दाखवलं, तर त्यांचे डोळेच भरून आले. "आठ साल! आठ साल से हम इनके सामने चाबी घुमा रहे हैं!"

मग फाईल साहेबांपुढे ठेवली. त्यांनी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. कान लाल झाले होते. एकदा माझ्याकडे बघितलं. मी लगेच चहाकडे बघितलं. त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं, "कृपया चर्चा करावी."

चर्चा कसली! टेबलावर खाड खाड खाड तीन किल्ल्या पडल्या. आणि लगेच भांडण सुरू!

"साहेब, पहिल्यांदा चालवायची तर जर्मन. सुरक्षित!"

"पहली बार है तो इटालियन ही होगी, डॉक्टर! दिल का मामला है!"

"गिअर टाकायचे असतील तर माझीच!" नितीन ओरडला.

साहेबांनी हळूच हात पुढे केला आणि पिवळीची किल्ली उचलली. चावलाजींनी आनंदाने टपरीवाल्याला मिठी मारली. साहेब आत बसले. दार लावून घेतलं, सीट पुढे घेतली, आरसे नीट केले. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. मग इंजिन गुरगुरलं आणि आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे ओरडलो.

"एक्सप्रेसवेवर एक चक्कर मारून येतो," साहेब म्हणाले. "वीस मिनिटं."

अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. चावलाजी म्हणत होते, "आराम से चलाने दो, यार," आणि एकीकडे फोन काढत होते. त्यांच्या फोनवर गाडी कुठे आहे ते दिसतं. आम्ही सगळे त्या फोनवर वाकलो. निळा ठिपका एक्सप्रेसवेवरून सरळ दिल्लीत गेला होता. आर. के. पुरममध्ये शिरला. साहेबांच्या क्वार्टरपाशी पाच मिनिटं थांबला. मग निघाला, सेक्टरला वळसा घालून परत तिथेच आला. पुन्हा निघाला. पुन्हा तिथेच!

"ये तीसरा चक्कर है!" चावलाजी किंचाळले. "वहाँ तो हर बीस कदम पे ब्रेकर है!"

चौथी फेरी. पाचवी. ठिपका इतका हळू चालला होता की नितीन म्हणाला, "कुणीतरी ढकलतंय वाटतं."

दीड तासाने गाडी परत आली. खालून एक ओरखडा नाही! शेजारच्या सीटवर सुनंदाताई, घरातल्याच साडीत, पायात घरातल्याच चपला. त्यांना उतरता येईना, इतकी खाली सीट. मी हात दिला तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं. "काय सांगू तुला! सगळा सेक्टर गॅलरीत!"

साहेब उतरले. किल्ली दोन्ही हातांनी चावलाजींना दिली. फाईल कुणी उघडली नाही, नंबर कुणी विचारला नाही. शेवटी डॉक्टरांनाच राहवलं नाही.

"साहेब, एक विचारू? रविवारची सकाळ, अख्खा एक्सप्रेसवे मोकळा! असली गाडी हातात! आणि तुम्ही कॉलनीत पाच फेऱ्या मारल्यात?"

साहेबांनी चहाचा ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले,

"डॉक्टर, एक्सप्रेसवेवर मला ओळखतं कोण?"