हळदीचा कागद आणि ताईची साडी

मंडळी, आज आमच्या मेहकरजवळच्या शाळेत सहावीला पुस्तकातला हळदीचा प्रयोग घेतला. मुलांनी हळद लावून वाळवलेल्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं. कागद लालभडक झाला.

सगळे ओरडले. कोमल मात्र कागदाकडे बघत मागे सरकली.

"काय झालं गं?"

"मॅडम, ताईच्या हळदीची साडी धुतली तवा अशीच लाल झाली होती. सासू म्हणे अपशकुन झाला. तवापासून घरात काही बिघडलं की ताईलेच बोलतात."

मी तिला साबण लागला की हळद लाल होते, हा पुस्तकातला परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावला. मधल्या सुट्टीत तिनं माझा फोन मागितला आणि ताईला लावला.

"ताई, ते साबणानं होते. आताच करून पाह्यलं. अपशकुन नाही काही."

पलीकडून ताईचा आवाज आला, "थांब, सासूबाईले फोन देतो. त्यायले सांग."

कोमलनं पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. फोन ठेवून ती डबा खायला गेली.

तुमच्या वर्गातला एखादा प्रयोग असा कुणाच्या घरापर्यंत पोचलाय का?