शेण वाचवलं, करंज गेले

मैत्रिणींनो, 'देशाला धान्य हवं, गोवऱ्या जाळू नका, शेण शेताला द्या' हे आपल्या महिला मंडळातलं माझं भाषण तुम्हाला आठवत असेल. तुम्ही टाळ्याही वाजवल्या होत्यात. म्हणून आज दुपारी जे झालं ते मंडळाच्या याच फळ्यावर लिहिते आहे.

मल्लेश्वरमच्या पलीकडे सुंदराक्कांचा भाजीचा मळा आहे, दारात दोन गाई. माझं ऐकून त्यांनी गोवऱ्या थापणं सोडलं आणि सगळं शेण खताच्या खड्ड्यात टाकलं. आज मी कौतुकाने खत बघायला गेले, तर बांधावरचे सहाही करंज तोडलेले.

"अक्का, झाडं कुठे गेली?"

"चुलीत. गोवऱ्या तू बंद केल्यास, मग सारू-भात कशावर शिजवू? तुझ्या डिग्रीवर?"

त्या हसत होत्या. याच करंजांचा पाला दरवर्षी मातीत गाडून त्यांनी मळा पिकवला होता. हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"मग पुन्हा गोवऱ्या थापा," मी म्हटलं.

"सरी, थापते. आणि मातीला काय घालू, सांग."

निघताना त्यांनी वाळल्या फांद्यांची मोळी हातात दिली, "तुमच्या बंबाला घे गं."

संध्याकाळी आईने त्यावरच पाणी तापवलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर त्या पाण्याने हातपाय धुऊन हे लिहायला बसली आहे.

'मातीला काय घालू' या अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे आहे का? असेल तर खाली लिहा. मला तरी दिसत नाही.