न सापडलेला फॉल्ट

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बाबा माझ्याकडे आयर्लंडला, एनिस गावी आले. अकोल्याच्या घरात ते एकटेच राहिले होते, आणि मी शॅननच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. नवरा डब्लिनला, सँट्रीच्या ऑफिसात. तो आठवडाभर तिकडेच राहायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचा. म्हणजे घरात मी, दुसरीतली मुलगी आणि बाबा. शिवाय दारात एक म्हातारी हॅचबॅक. कॅनडाला निघालेल्या एका सहकाऱ्याकडून आम्ही ती घेतली होती.

बाबांची सगळी नोकरी सबस्टेशनात गेली. ते बोलायचे कमी, आणि बोलायचे ते वऱ्हाडीत. नात त्यांना आयरिश इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघं एकमेकांकडे बघून हसायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. मुलीला शाळा होती, मला कारखाना होता. बाबांना काम नव्हतं. ते खिडकीशी बसून समोरच्या ओल्या भिंतीकडे बघत राहायचे. पाऊस थांबला की बाहेर एक चक्कर मारायचे आणि परत तिथेच येऊन बसायचे.

एका शनिवारी नवरा घरीच थांबला होता आणि मी, मुलगी, बाबा असे तिघं खरेदीला लिमरिककडे निघालो होतो. मोटरवेवर एकदम रेडिओ बंद झाला. डॅशबोर्डवरचे काटे खाली पडले, इंजिनचा आवाज गेला, स्टिअरिंग जड झालं. मी गाडी कशीबशी कडेला घेतली. धोक्याचे दिवे लावायला गेले तर तेही लागेनात. पूर्ण गाडीत कुठेच वीज नव्हती.

बाबा मागे वळून नातीला म्हणाले, "भिऊ नको." मग मला म्हणाले, "जराशी थांब. आता फिरव किल्ली."

किल्ली फिरवली तर सगळं जिथल्या तिथे. काटे वर आले, रेडिओवर मघाचाच माणूस बोलत होता. जणू काही झालंच नव्हतं.

त्या दिवशी परत येताना बाबा बऱ्याच दिवसांनी स्वतःहून बोलले. "बॅटरी गेली असती तं वापस आली नसती. कुठंतरी जोड ढिला हाय. बारा व्होल्टचं काम, याच्यात काय असते? पाहतो मी."

मी हार्डवेअरच्या दुकानातून एक मल्टिमीटर आणून दिला. बाबांनी बॅटरीची टोकं घासून चकचकीत केली, पाना लावून आवळली. गाडी चार दिवस नीट चालली आणि कारखान्याच्या फाटकाशी बंद पडली. थोड्या वेळाने आपोआप सुरू झाली.

गावाबाहेरच्या गॅरेजवाल्याकडे गाडी दिली. तो भला माणूस होता. त्याने कॉम्प्युटर लावला, त्यात काही दिसलं नाही. मग तो स्वतः आठवडाभर ती घेऊन घरी जात-येत राहिला. एकदाही बंद पडली नाही.

"नॉट अ बॉदर ऑन हर," किल्ली परत देताना तो म्हणाला. गाडीला काही झालेलं नाही, असं. मग जरा ओशाळून पुढे म्हणाला की जे बिघडलेलं दिसतच नाही ते दुरुस्त कसं करणार.

घरी येऊन मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. फॉल्ट असा समोर उभा राह्यला पाह्यजे, मंग सापडते."

तेव्हापासून बाबांना काम मिळालं. मी घरून काम करत असले की खिडकीतून ते दिसायचे. अंगात माझ्या नवऱ्याचं रेनकोट-जाकीट, डोक्याला मफलर. इंजिन चालू ठेवून ते एकेक वायर हलवत, हळूच वाकवत, ओढून बघत आणि मीटरच्या आकड्याकडे टक लावून राहत. आकडा हलत नसे. मग पुढची वायर. शेजारच्या आजी कुत्र्याला घेऊन जाताना थांबून काहीतरी म्हणायच्या, बाबा मान हलवायचे.

आणि एक दिवस ते आत आले ते हातात जाड काळी केबल घेऊन. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी, अर्थिंगची. वरून चांगली दिसत होती. बाबांनी टोकाशी तिचं रबर सोललं होतं. आतलं तांबं हिरवं पडून त्याचा भुगा झाला होता.

"हे पाय," केबल माझ्यापुढे धरून ते म्हणाले. "अंदरूनच सडली. गरम झाली, दणका बसला, की सुटत असन."

नवी केबल बसवली. त्या संध्याकाळी त्यांनी अकोल्याला काकांना फोन लावला. "सापडला फॉल्ट," हे ते दोनदा बोलले. जेवताना त्यांनी पुन्हा भाजी मागून घेतली.

त्यानंतर कित्येक आठवडे गाडी एकदाही अडली नाही. बाबा माझ्या शेजारी बसून रोज नातीला शाळेत सोडायला येऊ लागले. एकदा चहा पिताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, उन्हाळ्यापर्यंत थांबता का?"

"पाहू," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून 'पाहू' म्हणजे जवळजवळ होकारच. मी नवऱ्याला फोन करून सांगितलंसुद्धा. मागच्या खोलीत त्यांच्यासाठी नवं कपाट घ्यायचं आम्ही ठरवलं.

मग तो सकाळचा पाऊस. शाळेच्या रस्त्यावरच्या मोठ्या चौकात, ऐन वळणावर, गाडी मेली. वायपर काचेच्या मध्यावर थांबले. मागून ट्रक येत होता. त्याच्या ब्रेकचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो अगदी लागून थांबला. मुलगी रडायला लागली. मी किल्ली फिरवत होते, फिरवत होते. बाबा बाजूला डॅशबोर्डवर तळवा ठेवून बसले होते.

गाडी नेहमीसारखी सुरू झाली. पण मुलगी त्या दिवसानंतर तिच्यात बसेना. "आय'म नॉट गोइंग इन दॅट," एवढंच म्हणायची, आणि दाराशी हटून उभी राहायची. मैत्रिणीची आई तिला शाळेत नेऊ लागली. नवरा फोनवर म्हणाला, "काढून टाक ती गाडी. जिवाशी खेळ कशाला?" त्याचं बरोबर होतं. मी बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "काढ. पण चार दिवस दे मले."

मी दिले. दिले नसते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

त्यांनी किल्लीच्या मागचा स्विच बदलला. फ्यूजची पेटी उघडून एकेक जोड घासला. स्टिअरिंगखालचं झाकण काढून दाराच्या चौकटीत अर्धे आडवे पडून ते आत बघत राहायचे, पाय बाहेर पावसात. मी आत या म्हटलं की "हो, आलो" म्हणायचे आणि येत नसत.

शेवटच्या दिवशी दुपारी मी खिडकीशी मीटिंगमध्ये होते. इंजिन चालू होतं, दिवे लावलेले होते, बाबा मीटरच्या दोन्ही वायरी हातात धरून बॉनेटवर वाकले होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत दिवे गेले. इंजिन थांबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच फॉल्ट त्यांच्यासमोर उभा राहिला होता. त्यांनी घाईने एक टोक बॅटरीला लावलं, दुसरं फ्यूजपेटीकडे नेलं. टोक निसटलं. त्यांनी परत लावलं, तेवढ्यात दिवे आले.

मी मीटिंग तशीच सोडून बाहेर गेले. बाबा ओल्या पायरीवर बसले होते.

"हातातून गेला," ते म्हणाले.

"जाऊ द्या ना बाबा. पुन्हा येईल."

"नाई." त्यांनी मीटर बंद करून माझ्या हातात दिला. "मले नाई सापडत हा."

दोन-तीन दिवस ते पुन्हा खिडकीशी बसून होते. मग म्हणाले, "माझं तिकीट पाहून दे."

"गाडीचं मनाला लावून घेऊ नका. आपण दुसरी घेऊ. तुम्ही उन्हाळ्यापर्यंत थांबणार होता ना?"

"गाडीसाठी नाई जाऊन राह्यलो, माय."

"मग कशासाठी?"

"इथं मले कशाचंच काई समजत नाई. तिथं तुही आई नाई, पण घर तिचं हाय. कोणती वस्तू कुठं हाय ते माहीत हाय मले."

मी समजावलं, नवऱ्याने समजावलं. तिथे एकट्याने कसं होईल, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण येईल. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे, शेजारच्या आजींपुढे हलवायचे तशीच. शेवटी मी तिकीट काढलं.

डब्लिनच्या विमानतळावर आम्ही बसने गेलो. मुलीने निरोप घेताना त्यांना घट्ट मिठी मारली आणि इंग्रजीत पुन्हा यायला सांगितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मराठीत सांगितलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण हो म्हणाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात भंगारवाला ट्रक घेऊन आला. त्याने गाडीभोवती फिरून विचारलं, हिला झालंय काय. मी म्हटलं, माहीत नाही. त्याने साखळी लावून तिला वर ओढून घेतलं.

रविवारी फोनवर मी बाबांना गाडी गेल्याचं सांगितलं.

"त्यानं सांगितलं का, काय होतं ते?"

"नाही बाबा. तो कशाला बघणार? तोडणारच आहे तो."

"हं," ते म्हणाले. मग नातीची शाळा विचारली, इकडची थंडी विचारली. अकोल्यात आता ऊन तापायला लागलं होतं. मी विचारलं, जेवलात का? त्यांनी सांगितलं, सकाळचं आहे अजून, खाईन. मग आम्ही फोन ठेवला.