लाल ठिपक्यांमधलं पान

जुन्या टूथब्रशला पोस्टर कलरचा वास आला की मला नाशिकच्या घरातली ती दुपार आठवते. मी तिसरीत होते. दिवाळीची शुभेच्छापत्रं आम्ही घरीच करायचो, आणि कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून असलेला मामा मदतीला बसला होता. त्याने निफाडहून आणलेलं द्राक्षाचं पान कार्डावर दाबून ठेवलं, ब्रश लाल रंगात बुडवला आणि कंगव्यावर घासता घासता सांगू लागला, "इंग्रजांच्या काळातली फाईल वाचली परवा. एका वैद्याचा खून झालेला. तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं, असं सगळे सांगत होते." कार्डावर बारीक लाल ठिपके पडत होते. "पण भिंतीवर रक्त उडालेलं, त्यात मधेच एक कोरी जागा होती. तपासाला आलेल्या साहेबाने वैद्याच्या नातीला तिथे उभं केलं. बरोब्बर मावली." मी विचारलं, "केवढी होती ती?" "तुझ्याएवढी. मग बोलली सगळं." एवढं म्हणून मामाने अलगद पान उचललं. खाली दातेरी कडांसकट, देठासकट पांढरंशुभ्र पान उमटलं होतं. मी श्वास रोखून बघत राहिले आणि नकळत पाठीमागच्या भिंतीपासून पुढे सरकले. ते कार्ड मी कोणालाच पाठवलं नाही. आता लाल रंग उडून फिका गुलाबी झालाय. पान मात्र अजून तिथेच उभं आहे.